आबांनी दाखवलेल्या जागा

"चल बाई, चल. माहेर पुष्कळ झालं. वाट करून दिलीय, उतार काढून दिलाय, आता मागं वळून बघायचं नाही. चल बाई, चल..."

लेकीनं हा आवाज ऐकला तेव्हा ती उंबऱ्यावर बसून पाय हलवायच्या वयाची होती. घरामागच्या लव्हाळ्यातून तो यायचा. माणूस दिसायचा नाही. डोक्यावर गेलेलं लव्हाळं, त्याच्यावर डुलणारी पाणकणसं, आणि खालून कुठूनतरी आबांचा आवाज. आबा चर खणायचे, चरात भाजक्या मातीच्या नळ्या एकापुढे एक मांडायचे आणि नळी नीट बसली की पाण्याशी बोलायचे. पाणी म्हणजे जणू सासरी निघायला कुरकुरणारी पोर. आई चुलीपाशी बसून ओरडायची, "बायकोशी कधी एवढं गोड बोलला नाहीत!" लव्हाळ्यातून उत्तर यायचं, "बायको ऐकते. हे कुठं ऐकतंय?"

शेवटी पाण्यानंही ऐकलं. नळ्यांच्या पोटातून ते कालव्याकडे निघून गेलं आणि दलदलीच्या जागी काळीभोर जमीन वर आली. तोवर गाव आबांना बेडूकराव म्हणत होतं. दुसरं काही परवडलं नाही म्हणून ज्यानं चिखल विकत घेतला त्याला आणखी काय म्हणणार? पहिलं पीक छातीएवढं झालं तेव्हा बेडूकरावाचे आबा झाले. त्या शेतानं घरावर छप्पर घातलं, पोराला शहरात शिकवलं, आईच्या आजारपणात तिला शेवटपर्यंत गादीवर ठेवलं. गावात दिवसभर राबून काय मिळतं असं कुणी विचारलं, की लोक आबांच्या शेताकडे हात करायचे.

पण पाणी काढून घेतलेली माती आतून रिकामी होत जाते, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. ती वाळली, आकसली, वाऱ्यावर उडाली. लेक लहान असताना अंगणातून शेतात पाय टाकला की झालं, एवढं दोन्ही सपाट होतं. आता दगडांच्या पायऱ्या उतरून खाली जावं लागे. शेत खड्ड्यात बसल्यासारखं दिसे. वर पांढरी खार फुटलेली, मधे भेगा, आणि पेरलेलं सगळं पिवळं. आजूबाजूच्या विहिरींनीही तळ दाखवला. पूर्वी दलदल पाणी धरून ठेवायची आणि हळूहळू सगळ्यांना द्यायची, हे लोकांना विहिरी आटल्यावर उमगलं.

तेव्हा सरकारची योजना आली. ज्याच्या खासगी जमिनीत पूर्वी पाणथळ होती त्यानं ती परत उभी करायची. खणायचं, बांध घालायचा, लव्हाळं लावायचं, सगळा भार खात्याचा. वर मालकाला दरवर्षी मदत. बदल्यात त्या जमिनीत पुन्हा कधी नांगर घालायचा नाही. अट एकच, सरकारी वर्ष संपायच्या आत पाणी खांबावरच्या खुणेपर्यंत चढून तिथं थांबलं पाहिजे. आणि पाणी थांबायला जमिनीखालच्या नळ्या ठिकठिकाणी फोडून बुजवायला हव्यात, नाहीतर बांध घालून काय उपयोग? तळाला भोक असलेल्या बादलीत कितीही ओता.

लेकीनं अर्ज भरला तो आनंदानं. तिला पाणी हवं होतं. सकाळी दार उघडावं आणि समोर आभाळ खाली उतरलेलं दिसावं, एवढंच काय ते तिला लहानपणातलं आठवत होतं. बाकी तिचं आयुष्य त्या पिवळ्या शेतात आणि आबांच्या औषधपाण्यात गेलं होतं.

खालचं शेत मात्र कागदावर भावाच्या नावावर होतं. आई गेल्यावर आबांनीच वाटणी करून टाकली होती. लेकीला घर आणि वरचा तुकडा, पोराला खालचं सगळं. भाऊ शहरात विम्याच्या कचेरीत होता. लेकीनं त्याला फोन केला.

"बघ चिमे," तो म्हणाला. पन्नाशीला टेकलेल्या बहिणीला तो अजून चिमी म्हणायचा. "तुझ्या योजनेच्या कागदावर मी सही करतो. जमलं तर जमीन राहू दे तिथंच, मलाही बरं वाटेल. पण नाही जमलं तर मी थांबणार नाही. गोदामवाले ती विकत घ्यायला मागे लागलेत. माझ्या पोरीच्या ऑपरेशनचं तुला माहीत आहे."

"दादा, भर टाकतील रे ते. दगड-माती टाकून शेत रस्त्याच्या बरोबरीला आणतील."

"आणतील. म्हणून तर म्हणतो, पाणी उभं कर. आणि आबांना तू सांग. माझ्या तोंडून नको."

"सांगते," लेक म्हणाली.

तिनं सांगितलं नाही. त्या दिवशी आबांना ताप होता. दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि ते इतक्या दिवसांनी अंगणात येऊन बसले होते की तिचं तोंड उघडेना. मग तिनं मनाशी ठरवलं, सांगायचंच कशाला? पाणी थांबलं की गोदामही नाही आणि सांगणंही नाही.

योजनेच्या कामावर एक बाई आल्या. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, केसांना पेन खोचलेलं, हातात नकाशांची गुंडाळी. त्यांना सगळे बूटवाल्या बाईच म्हणायला लागले. त्यांनी जमीन पाहिली, लांब सळई खुपसून पाहिली, यंत्र फिरवून पाहिलं. मातीत पुरलेली मातीचीच नळी यंत्राला काय दिसणार?

"कालव्याकडून सुरुवात करू ना," लेकीनं सुचवलं. "तोंडं तिकडे असतील."

"तिथं दगडी अस्तर केलंय. तोंडं त्याखाली गेली. पाणी आता सगळ्या सांध्यांतून पाझरतंय, कुठली नळी कुठून येते काय कळणार?"

"दगड काढले तर?"

"कालवा दुसऱ्या खात्याचा," बाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. "त्यांना पत्र लिहिलं तर उत्तर तुमच्या नातवंडांना मिळेल. आणि सगळं शेत उकरायचं म्हटलं तर तेवढं डिझेल माझं खातं देत नाही. नकाशा काढला होता का तेव्हा?"

"नकाशा इथं आहे," आबा ओट्यावरून म्हणाले आणि त्यांनी आपल्या टकलावर बोट आपटलं.

बाई खूश झाल्या. त्यांनी कागद पुढे केला. नळ्या घालणाऱ्यानं स्वतः उभं राहून, स्वतःच्या हातानं जागा दाखवायची, शेजारी साक्षीदाराची सही, वर फोटो. आबांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला.

"आणि नाही जमलं तर?"

"नाही जमलं तर फाईल बंद, आबा. जमीन आहे तशी तुमच्याकडे."

लेक चहाचे कप उचलत होती. 'आहे तशी नाही राहणार,' असं तेव्हा म्हणता आलं असतं. ती कप घेऊन आत गेली.

आबांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. तो चालवणारा माणूस बोलघेवडा होता, कानात पिवळं फूल खोचून यायचा. लेकीनं खुर्ची खाली शेतात नेऊन ठेवली, आबांना पायऱ्या उतरवून आणलं. आबांनी काठी जमिनीत रोवली, डोळे बारीक केले, आभाळाकडे पाहिलं, घराच्या धुराड्याकडे पाहिलं आणि बोट दाखवलं.

"इथं. मोठी नळी. सगळ्या हिला येऊन मिळतात."

"बोट तसंच धरा आबा," बूटवाल्या बाई म्हणाल्या. "फोटो काढते. छान. थोडं हसा की."

आबा हसले नाहीत. जेसीबीनं खणलं. काळा चिखल वर आला, कडा ढासळल्या, पुन्हा खणलं, पुन्हा ढासळल्या. खाली निळसर माती लागली, तिला फावड्याचा कधी स्पर्श झाला नव्हता हे लेकीलाही दिसत होतं.

"मग तिकडे असेल," आबा म्हणाले.

तिकडेही नव्हती. त्याच्या पलीकडेही नव्हती. रोज सकाळी खुर्ची, काठी, बोट, फोटो. रोज संध्याकाळी एक नवा खड्डा. शेजारच्या ओढ्याचं पाणी खात्यानं घातलेल्या बांधाआड सोडलं की ते खांबाच्या कमरेपर्यंत चढायचं. लेक आशेनं बघायची. मग रात्रीतून कुणी प्यायल्यासारखं ते उतरायचं आणि सकाळी खांबाला नुसता ओला पट्टा राहायचा.

जेसीबीवाला म्हणायचा, "आबा, आज कुठं? का कालच्याच खड्ड्यात उतरायचं? बायको विचारते, कुठं जाता रोज. म्हटलं, एका म्हाताऱ्याच्या आठवणी उकरतोय."

"तुझ्या बायकोला सांग, नवऱ्याला जपून उकर म्हणावं," आबा म्हणायचे. "तिथं बेडूक आहेत."

सगळे हसायचे. लेकही सुरुवातीला हसायची. कोपऱ्यावरच्या दुकानात साबण आणायला गेली की दुकानदार विचारायचा, "काय, आज कुठला खजिना दाखवला आबांनी?" आणि गल्ल्याशी बसलेली त्याची बायको त्याला कोपरानं ढोसून म्हणायची, "गप्प बसा हो. वय झालंय त्यांचं. उद्या तुमचं काय होणार कुणास ठाऊक."

वय झालंय. लेकीच्या कानात तेच घुमत राहिलं. एकदा बूटवाल्या बाईंनी तिला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नका. पण एकदा डॉक्टरांना दाखवा. माझ्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. अगदी खात्रीनं चुकीचं सांगायचे."

डॉक्टरांनी आबांना कागद दिला. घड्याळ काढा म्हणाले. आबांनी नीट गोल काढला, त्याच्यात सगळे आकडे एका बाजूला लिहिले, जणू उतारावरून घसरून एकमेकांवर पडलेत. डॉक्टरांनी वार विचारला.

"तुमच्याकडे कॅलेंडर नाही वाटतं?"

"आहे. पण तुम्ही सांगा."

"मग बघून घ्या की. मला कशाला कष्ट?"

डॉक्टर हसले, पण चिठ्ठीवर लिहिताना हसत नव्हते. येताना रिक्षात लेक बाहेर बघत राहिली. आबांनी तिच्या पदराचं टोक बोटांत धरलं होतं, रस्ता ओलांडताना लहान मूल धरतं तसं.

त्यानंतर घर बदललं. लेकीनं काड्यापेटी फडताळाच्या वरच्या खणात ठेवली. बाहेरच्या दाराला वर कडी बसवून घेतली. आबांच्या सदऱ्याच्या खिशात घरचा पत्ता आणि फोन लिहिलेली चिठ्ठी शिवून टाकली. जेवताना भात सांडायला लागले तेव्हा गळ्यात फडकं बांधलं आणि स्वतः घास भरवला. ज्या माणसानं दलदल कोरडी केली होती, तो ओठ पुढे करून घास घेत होता. घास जरा हलला की तो आपलं तोंड त्याच्या मागं नेत होता. एकदाही तो म्हणाला नाही, की राहू दे, मी जेवतो.

ती ओट्यावर उभी राहायची, डोळे मिटायची आणि तो जुना आवाज ऐकायचा प्रयत्न करायची. चल बाई, चल. कुठून यायचा तो? उजवीकडून? विहिरीच्या अंगानं? आवाज आठवत होता, त्याची ओल आठवत होती, पण दिशा हाती लागत नव्हती. तरी एका सकाळी तिला वाटलं, सूर्य त्या आवाजाच्या मागून यायचा. तिनं आबांना खाली आणायच्या आत जेसीबीवाल्याला गाठलं. "आज इथं खणा. माझ्या सांगण्यावरून."

"वा! आज लेकीच्या आठवणी," तो म्हणाला आणि त्यानं दांडा ओढला.

तिसऱ्या घासाला जेसीबीच्या दातात काहीतरी लाल चमकलं. भाजक्या मातीचा तुकडा, आतून गोल, तळहाताएवढा. बूटवाल्या बाई बुटांसकट धावत आल्या. जेसीबीवाल्यानं भोंगा वाजवला. लेक तो तुकडा दोन्ही हातांत घेऊन पायऱ्यांकडे पळाली. आबा आपले आपण पायऱ्या उतरून येत होते, काठीही न घेता.

"आबा, हे बघा! सापडली!"

आबांनी तुकडा घेतला. अंगठ्यानं पुसला. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला, आणि लेकीला वाटलं, त्यांना आठवलं. आता आठवलं.

"ही फुटकी होती," आबा सावकाश म्हणाले. "भट्टीतूनच फुटकी आलेली. मी फेकून दिली होती इकडे. इथं ओळ नाही. ओळ तिकडे, चिंचोळ्या बाजूला."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं. जेसीबीचे थोडेच तास उरले होते. ज्यानं नळ्या घातल्या त्याचा शब्द कागदावर होता. यंत्र चिंचोळ्या बाजूला गेलं आणि तिथं निळी माती लागली.

तेव्हा मात्र लेकीचा बांध फुटला. सगळ्यांसमोर ती ओरडली, "आठवत नसेल तर नाही म्हणा ना आबा! नाही आठवत, एवढं म्हणायला काय जातं तुमचं? का नाचवताय सगळ्यांना? का मला...?"

जेसीबीवाल्यानं यंत्र बंद केलं. शेतात एवढी शांतता झाली की खड्ड्यात चिखल गळत होता तो ऐकू येत होता. आबा खुर्चीत बसल्या बसल्या लहान झाले. त्यांच्या नाकातून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"इथंच होतं गं," ते पुटपुटले. "इथंच कुठंतरी होतं."

तिनं पदरानं त्यांचं नाक पुसलं. तिची तिलाच लाज वाटत होती.

तपासणीला वरचे साहेब आले, गाडीतून उतरून बांधापर्यंतच आले, त्यांच्या पायांत साधे बूट होते. आदल्या दिवशी लेकीनं ओढ्याचं सगळं पाणी आत घेतलं होतं. रात्री दोनदा उठून ती बॅटरीनं खांब बघून आली होती. सकाळी खांबाला ओला पट्टा होता आणि त्याच्या बऱ्याच खाली, खड्ड्याखड्ड्यांतून, चिखलाचं पाणी. एक बगळा मात्र आला होता. एका खड्ड्याच्या काठावर एका पायावर उभा. बूटवाल्या बाईंनी साहेबांना तो दाखवला.

"बगळा कागदावर कुठं लिहायचा, बाई?" साहेब म्हणाले. ते दुष्ट नव्हते. त्यांना आणखी दोन ठिकाणी जायचं होतं.

दुपारपर्यंत फाईल बंद झाली. जेसीबी ट्रकवर चढवला. जेसीबीवाल्यानं आबांच्या पायांना हात लावला आणि पहिल्यांदाच काही विनोद केला नाही. बूटवाल्या बाई लेकीला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो. मी असेन की नाही माहीत नाही, पण करता येतो." लेकीनं मान हलवली. पुढच्या वर्षी काय असणार होतं ते तिलाच ठाऊक होतं.

तिनं स्वतःच भावाला फोन केला. लपवून काय होणार होतं?

"झालं ना?" तो म्हणाला. मग हळू आवाजात, "चिमे, रागावू नकोस. ते लोक इथंच बसलेत. मी आत्ताच सही करतो. उद्यावर टाकलं तर माझ्याच्यानं होणार नाही." मागे कुणीतरी कागद चाळत होतं, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "आबांना सांगितलंस ना तू?"

ती म्हणाली, "तू सही कर."

थोड्या वेळानं त्याचा परत फोन आला. सह्या झाल्या होत्या. भरावाचे ट्रक आठवड्याच्या आत येणार होते.

दिवस उतरताना तिनं भात केला. आबा मागच्या पायऱ्यांवर बसले होते, तिथंच ताट नेलं. फडकं बांधायला ती वाकली तर आबांनी तिचा हात बाजूला केला. ताट मांडीवर घेतलं. भात कालवला, घास केला, तोंडात घातला. एक शीत सांडलं नाही.

लेक बघत राहिली.

"बस," आबा म्हणाले. त्यांचा आवाज वेगळा होता. वेगळा म्हणजे जुना होता. "तुला एक सांगायचंय. शिव्या घालायच्या तर नंतर घाल."

ती खालच्या पायरीवर बसली.

"मला सगळं आठवतं. एकेक नळी आठवते. कुठली भट्टीची, कुठली आखूड पडली, कुठं मऊ लागलं म्हणून ओळ वळवली. डोळे बांधून सोडलंस तरी मोठ्या नळीवर जाऊन उभा राहीन. तू खणलंस ना आवाजाच्या मागानं..."

"आवाजाच्या?"

"मग काय? रोज ओट्यावर डोळे मिटून उभी राहायचीस, मला कळत नाही? बरोबर गेली होतीस. हातभर पुढं खणलं असतं तर मोठीच लागली असती. तुझ्या हातातला तुकडा तिच्याच कडेचा होता. माझ्या काळजाचं पाणी झालं बघ." आबा थांबले. "घड्याळही मला काढता येतं. वारही माहीत होता. बुधवार होता."

लेकीला शिवलेली चिठ्ठी आठवली, वरची कडी आठवली, सगळ्यांसमोरचं आपलं ओरडणं आठवलं, आणि पुढं केलेले ते ओठ.

"भरवून घेतलंत माझ्याकडून," ती शेवटी म्हणाली.

"घेतलं. वेडा समजून तुम्ही गप्प बसत होतात. शहाणा समजून कुणी सोडलं नसतं." आबा शेताकडे बघत होते. उजेड जात होता, खड्ड्यांतलं पाणी तेवढं फिकं दिसत होतं. "मला आयुष्यात दुसरं काय जमलं गं? लिहायला आलं नाही धड. तुझ्या आईला बरं करता आलं नाही. तुझं लग्न मोडलं तेव्हा त्या लोकांसमोर तोंड उघडता आलं नाही. एक हे जमलं. जमिनीखाली आहे, कुणाला दिसत नाही, पण सरळ आहे. रात्री झोप लागली नाही की मी त्या नळ्यांतून चालत जातो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. फोडायचं होतं तर मी गेल्यावर फोडायचं. पण माझ्याच बोटानं दाखवायला लावलंत. वर म्हणे हसा, फोटो काढते."

"आधी का नाही म्हणालात? नाही म्हणायचं होतं ना अर्जाच्या वेळीच."

"तुझा चेहरा बघितला होता अर्ज भरताना. इतक्या वर्षांत असा बघितला नव्हता. नाही कसं म्हणू?" त्यांनी ताट खाली ठेवलं, हात धुतला, ओला हात तिच्या डोक्यावर ठेवला. "तुझं पाणी गेलं माझ्यामुळं, हे मला कळतं. पण बघ, तसंच काही अडलं असतं तर दाखवलं असतं मी. अगदी घरावर आलं असतं तर काळजावर दगड ठेवून दाखवलं असतं. अडलं काय होतं? पक्षी नाही आले तर नाही आले. त्या बाई म्हणाल्या ना, जमीन आहे तशी राहते. आता खड्डे बुजवून घेऊ. खारीला चालेल असं काहीतरी पेरू. नळ्या अजून धडधाकट आहेत, माझ्यानंतरही तुला..."

"आबा."

"काय गं?"

त्यांचा ओला हात अजून तिच्या केसांवर होता. तिनं तो धरून खाली घेतला आणि आपल्या दोन्ही हातांत घट्ट पकडला.

"आबा, खालचं शेत दादानं विकलं. आज दुपारी सह्या झाल्या. गोदामवाले त्याच्यावर भराव टाकणार आहेत. पाणी थांबलं असतं तर तो विकणार नव्हता. मला पहिल्यापासून माहीत होतं. तुम्हाला त्रास होईल म्हणून मी सांगितलं नाही."